'मोठे दुकान' ह्या संज्ञेची अर्थमर्यादा : रविवारच्या व्यापारावरील आर्थिक चर्चेचे परीक्षण

अर्थशास्त्रीय वादांत वावरणाऱ्या संज्ञांची भाषाभ्यासकाने झडती घ्यावी, अशी प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. किंमत, खप, रोजगार ह्या गोष्टी मोजता येतात, आणि जे मोजता येते त्याच्या नावाविषयी घोळ घालण्याचे प्रयोजन नाही, अशी एक समजूत त्यामागे असावी. तथापि मोजणीस आरंभ होण्यापूर्वी काय मोजावयाचे ते ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याचे काम शब्दच करीत असतात. मोठ्या दुकानांच्या वेळांवर कायद्याने बंधन घातल्यास त्याचे आर्थिक परिणाम कोणते होतात, ह्या प्रश्नावर १९८० नंतर युरोपात विपुल लेखन झाले. ते एकत्र वाचले असता असे दिसून येते की, त्यातील मतभेदांचा बराच मोठा भाग आकड्यांमधून नव्हे, तर 'मोठे', 'उघडे' आणि 'रोजगार' ह्या साध्या वाटणाऱ्या शब्दांमधून उद्भवला आहे. हे मतभेद केवळ विद्वानांचे नाहीत. रविवारी गल्ल्यावर कोणी बसावयाचे आणि कोपऱ्यावरचे दुकान टिकावयाचे की नाही, हे त्यांवर ठरत आले आहे.

परीक्षणासाठी इंग्लंड आणि वेल्समधील कायदा सर्वांत सोयीचा आहे. कारण तेथे एकाच विषयावर दोन निरनिराळ्या व्याकरणांचे कायदे एकामागून एक लागू झाले. १९५० च्या 'शॉप्स ॲक्ट'चे व्याकरण नामांचे होते. रविवारी दुकाने बंद असावीत हा सामान्य नियम. आणि अपवाद म्हणून एका परिशिष्टात वस्तूंची यादी. ताजे दूध विकता येई, डब्यातील अथवा भुकटीचे दूध विकता येत नसे. फळे आणि भाज्या चालत, मात्र त्या डबाबंद नसाव्यात. शिजविलेले खाद्य विकण्यास मोकळीक होती, परंतु तळलेले मासे आणि बटाटे त्यांच्याच खास दुकानातून विकण्यास मनाई होती. वृत्तपत्रे व नियतकालिके यादीत होती, पुस्तके सर्वसाधारणपणे नव्हती. परिणामी अश्लील मासिक रविवारी कायदेशीरपणे विकता येई आणि बायबल विकता येत नसे. ह्या विसंगतीची इंग्रजी वृत्तपत्रांनी अनेक वर्षे यथेच्छ थट्टा केली. परंतु थट्टेच्या भरात एक गोष्ट नजरेआड झाली. ही यादी जीवनाच्या एका विशिष्ट कल्पनेवर उभी होती. जे नासते आणि जे आज लागते ते आज विकावे, जे टिकते ते सोमवारपर्यंत थांबू शकते, असा तिच्यामागचा न्याय होता. घरोघरी शीतकपाट येताच तो न्याय लंगडा झाला, आणि मग उरली ती केवळ हास्यास्पद दिसणारी नामावली.

१९८३ मध्ये नेमलेल्या आणि रॉबिन ऑल्ड ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये सर्वच निर्बंध रद्द करण्याची शिफारस केली. 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' ह्या संस्थेच्या अभ्यासकांनी केलेली आर्थिक चिकित्सा समितीपुढे होती. त्यावर आधारलेले विधेयक मार्गारेट थॅचर ह्यांच्या सरकारने १९८६ मध्ये मांडले, आणि १४ एप्रिल रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाच्या वेळीच २९६ विरुद्ध २८२ मतांनी ते फेटाळले गेले. बाजाराच्या स्वातंत्र्याचा एवढा उद्घोष करणाऱ्या सरकारास स्वतःच्याच पक्षातील धर्मनिष्ठ सभासद आणि विरोधी बाकांवरील कामगारनिष्ठ सभासद ह्यांच्या संयोगाने हार पत्करावी लागली. पुढील आठ वर्षे न्यायालयीन झगड्यांत गेली. अखेर १९९४ च्या 'संडे ट्रेडिंग ॲक्ट'ने तडजोड घडवून आणली, आणि २८ ऑगस्ट १९९४ हा नव्या व्यवस्थेचा पहिला रविवार ठरला.

ह्या दुसऱ्या कायद्याचे व्याकरण विशेषणाचे आहे. काय विकले जाते हा प्रश्न त्याने बहुतांशी सोडून दिला आणि दुकान केवढे आहे एवढेच विचारले. २८० चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्रफळ असलेले दुकान ते 'मोठे'. अशा दुकानास रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ ह्या मर्यादेत सलग सहा तासच गिऱ्हाइकी करता येते. ईस्टरच्या रविवारी तीही नाही. त्याहून लहान दुकानास कोणतेही बंधन नाही. क्षेत्रफळ मोजताना गिऱ्हाइकांची सेवा किंवा मालाची मांडणी ज्या जागेत होते तेवढीच जागा धरावयाची, कोठार धरावयाचे नाही. विमानतळ, रेल्वे स्थानके, पेट्रोल पंप, शेतमालाची शेतावरील दुकाने, औषधालये इत्यादींना सवलत आहे. नामांची जुनी यादी ह्या सवलतींच्या रूपाने मागील दाराने परत आली, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु कायद्याचा कणा आता संख्या हा होता.

२८० ही संख्या कोठून आली? ती ३००० चौरस फुटांचे मेट्रिक रूप आहे, आणि ३००० ही एक गोल संख्या आहे, ह्यापलीकडे तिच्यात आर्थिक तत्त्व शोधू जाणे व्यर्थ होय. २७९ चौरस मीटरचे दुकान आणि २८१ चौरस मीटरचे दुकान ह्यांच्या खर्चाच्या रचनेत किंवा मालकाच्या सांपत्तिक स्थितीत काही फरक असतो असे कोणीही म्हटलेले नाही. विधिमंडळास कोठेतरी रेघ ओढावी लागते, ह्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अर्थशास्त्रीय आणि राजकीय लेखनात ह्या रेघेचे पुढे काय झाले त्याविषयी.

संसदेतील चर्चेत आणि बाहेरील प्रचारात 'लहान दुकान' ह्या शब्दाचा लौकिक अर्थ सर्वांस अभिप्रेत होता. लहान दुकान म्हणजे लहान दुकानदाराचे दुकान : कुटुंबातील माणसे आळीपाळीने गल्ल्यावर बसतात असे, शेजारच्या वस्तीचे, बहुधा एकुलते. कायद्याने मात्र दुकान मोजले. दुकानदार मोजला नाही. मालकी हा घटक व्याख्येत नाही. त्यामुळे देशभर शेकडो महाविक्रीगृहे चालविणाऱ्या कंपनीचे २७० चौरस मीटरचे दुकान हे कायद्याच्या दृष्टीने तितकेच 'लहान' ठरले. कंपन्यांना हे समजण्यास वेळ लागला नाही. टेस्कोच्या 'एक्स्प्रेस' ह्या छोट्या दुकानांचा आरंभ १९९४ मधलाच आहे. सेन्सबरीची 'लोकल' दुकाने १९९८ मध्ये आली. २००२ मध्ये टेस्कोने टी अँड एस स्टोअर्स ही शेकडो छोट्या दुकानांची मालिकाच विकत घेतली. ह्या सर्व विस्ताराचे कारण रविवारचा कायदा एवढेच होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शहराबाहेरील मोठ्या बांधकामांवर नगररचनेच्या नियमांनी १९९० नंतर आणलेली बंधने आणि लोकांच्या खरेदीच्या बदललेल्या सवयी ह्यांचाही त्यात वाटा होता. परंतु रविवारी संध्याकाळी सहानंतरची गिऱ्हाइकी ही कायद्याने राखून ठेवलेली गिऱ्हाइकी होती, आणि ती घेण्याचा परवाना जागेच्या मापाबरोबर मिळत होता. जो अशी जागा घेऊ शकेल त्यास तो लाभ मिळणार. गावातील मोक्याच्या जागेचे भाडे कोण अधिक देऊ शकतो हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

येथून पुढे खरा दोष सुरू होतो. ब्रिटिश किराणा व्यापाराची जी प्रचलित वर्गवारी आहे तीत 'कन्व्हिनिअन्स स्टोअर' म्हणजे सोयीचे दुकान ह्या वर्गाची व्याख्या ३००० चौरस फुटांच्या आतील, आणि म्हणूनच रविवारच्या निर्बंधाबाहेरील, दुकान अशी केली जाते. व्यापारविषयक सांख्यिकी ह्या वर्गवारीवर उभी राहते. मक्तेदारीविषयक सरकारी चौकशांतही हीच रेघ ओढलेली आढळते. मग ह्या सांख्यिकीच्या आधारे असे विधान केले जाते की, मोठ्या दुकानांवरील निर्बंधामुळे सोयीच्या दुकानांचा धंदा टिकला आणि वाढला. ह्या वाक्यातील उद्देश्य आणि विधेय एकाच कायद्यातून जन्मले आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या दुकानांना कायद्याने मोकळे सोडले त्यांनाच 'सोयीची दुकाने' म्हणावयाचे, आणि मग कायदा सोयीच्या दुकानांना उपकारक ठरला असे म्हणावयाचे, हे ज्ञान नव्हे. ही पुनरुक्ती होय. कायद्याने घातलेली एक तात्पुरती रेघ सांख्यिकीच्या मार्गाने वस्तुस्थितीतील विभागणी म्हणून मान्यता पावली. स्वतंत्र दुकानदाराचे काय झाले, ह्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यात सापडत नाही. कारण त्या रकान्यात तो आणि त्याचा सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी बसले आहेत.

'मोठे' ह्या शब्दाची ही गत, तर 'उघडे' ह्या शब्दाची आणखी निराळी. कायदा दुकानाने उघडे राहू नये असे निरपवाद म्हणत नाही. किरकोळ गिऱ्हाइकांच्या सेवेसाठी उघडे राहू नये असे म्हणतो. ह्या 'साठी'चा फायदा व्यापाऱ्यांनी ताबडतोब घेतला. इंग्लंडमधील अनेक मोठी दुकाने रविवारी अर्धा तास आधी दारे उघडतात, दिवे लावतात, गिऱ्हाइकांस आत घेतात, माल हाताळू देतात. फक्त गल्ले ठरलेल्या वेळेपर्यंत चालू होत नाहीत. हे दुकान उघडे की बंद? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उघडे, कायद्याच्या दृष्टीने बंद, आणि त्या अर्ध्या तासात फळ्या नीट लावणाऱ्या नोकराच्या दृष्टीने अर्थातच कामाची वेळ. संगणकावरून मागविलेल्या मालाने हा पेच आणखी वाढविला आहे. बंद दाराआड त्याच फळ्यांवरून नोकर दूरस्थ गिऱ्हाइकाची टोपली भरीत असेल, तर कायद्याच्या अक्षरास बाधा येत नाही. मात्र तीच टोपली गिऱ्हाइकाने स्वतः येऊन भरावयाची म्हटली तर येते. १९९४ च्या विधिकारांस ह्याची कल्पना असणे शक्य नव्हते. परंतु आजही 'उघडे राहण्याचे तास' ही एक सरळ मोजता येणारी राशी धरून समीकरणे मांडणाऱ्या लेखकांस ती सवलत देता येणार नाही.

आता खुद्द आर्थिक युक्तिवादाकडे वळावे. निर्बंधविरोधी बाजूचे म्हणणे थोडक्यात असे : दुकानाची इमारत, शीतकरणाची यंत्रे, जागेचे भाडे हे खर्च दुकान उघडे असो वा बंद असो चालूच असतात, अधिक तास विक्री झाली तर ते अधिक मालावर विभागले जातात, गर्दी पांगते, गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो, आणि स्पर्धेमुळे ह्या बचतीचा काही अंश किमतीत उतरतो. समर्थकांचे म्हणणे असे : कुटुंबाच्या खिशातील पैसा सात दिवसांचा असला काय आणि सहा दिवसांचा असला काय, तेवढाच असतो, तास वाढविल्याने खप वाढत नाही, केवळ पसरतो, आणि पगाराचा खर्च मात्र वाढतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोन्ही बाजू अर्धेच वाक्य बोलतात. किराण्यापुरते दुसरे म्हणणे बरेचसे ग्राह्य आहे. रविवारी दुकान उघडे आहे म्हणून कोणी दुप्पट भात खात नाही. परंतु फर्निचर, रंगसाहित्य, घरदुरुस्तीची अवजारे ह्यांच्या बाबतीत नवरा-बायको दोघेही मोकळी असण्याची वेळ हीच खरेदीची वेळ असते, आणि तेथे तास नाकारणे म्हणजे कधीकधी खरेदीच नाकारणे होय. १९९४ पूर्वीच्या न्यायालयीन झगड्यांत घरदुरुस्तीच्या मालाची दुकाने अग्रभागी होती, हा योगायोग नव्हता.

सिद्धान्ताच्या पातळीवर तर चित्र अधिकच गुंतागुंतीचे आहे. डेव्हिड डी मेझा ह्यांनी १९८४ मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मधील आपल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न केला की, चौथी आज्ञा पॅरेटो-कार्यक्षम आहे काय. मोझेसची पाटी आणि पॅरेटोचा निकष एका वाक्यात बसविणारे हे शीर्षक मिश्किल आहे, पण प्रश्न गंभीर आहे. आणि विशिष्ट गृहीतांखाली त्याचे उत्तर होकारार्थीही येऊ शकते, हे त्या लेखाने दाखविले. रोमन इंडर्स्ट आणि आंद्रेआस इर्मेन ह्यांनी २००५ मध्ये असे प्रतिपादन केले की, वेळ हे दुकानांना परस्परांपासून वेगळे होण्याचे एक साधन आहे, आणि म्हणून वेळ मोकळी केल्यास किमतीची स्पर्धा तीव्र होण्याऐवजी सौम्यही होऊ शकते. टोबियास वेन्झेल ह्यांच्या २०११ च्या लेखात साखळीचे दुकान आणि एकटे दुकान ह्यांची गाठ घातली आहे. मोकळीक दिल्याने एकट्या दुकानाचे नुकसान होतेच असे नाही, ते दोघांच्या कार्यक्षमतेतील अंतरावर अवलंबून असते, असा त्याचा आशय. ह्या लेखांचा गुण त्यांच्या सावधपणात आहे. दुर्दैवाने वृत्तपत्रांत आणि सभागृहांत पोचेपर्यंत सावधपणाची क्रियापदे, म्हणजे 'होऊ शकते' आणि 'अवलंबून असते' ही, गळून पडतात आणि 'होते' तेवढे उरते.

प्रत्यक्ष पुराव्याची स्थिती पाहू. २०१२ च्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने खास कायदा करून २२ जुलै ते ९ सप्टेंबर अशा आठ रविवारी इंग्लंड व वेल्समधील निर्बंध स्थगित करण्यात आले. 'प्रयोग' म्हणून ह्या आठ रविवारांचा दोन्ही बाजूंनी पुष्कळ उल्लेख केला. एका बाजूस गजबज दिसली, दुसरीस छोट्या दुकानांची ओस पडलेली संध्याकाळ. परंतु ज्या उन्हाळ्यात लंडनमध्ये परदेशी पाहुणे लोटले होते, अनेक लंडनकर गर्दीच्या धास्तीने घराबाहेर पडत नव्हते, आणि उरलेला देश दूरदर्शनसमोर बसला होता, त्या उन्हाळ्यातील विक्रीवरून सामान्य रविवाराबद्दल अनुमान काढणे म्हणजे वारीच्या दिवसांतील पंढरपूरची विक्री पाहून तेथील बारमाही बाजाराचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

अधिक भरवशाचा पुरावा जर्मनीतून येतो. तेथील १९५६ च्या कायद्याने दुकाने आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी साडेसहास आणि शनिवारी दुपारी दोनला बंद करावयास लावली होती. आकाराचा भेद न करता सर्वांनाच. ही बंधने १९८९, १९९६ आणि २००३ मध्ये टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि २००६ मध्ये हा विषय संघराज्याकडून घटक राज्यांकडे गेला. बहुतेक राज्यांनी थोड्याथोड्या अंतराने, वेगवेगळ्या प्रमाणात, साध्या दिवसांची बंधने उठविली. बव्हेरियाने मात्र दीर्घकाळ जुनाच कायदा चालू ठेवला. तुलनेसाठी अशी परिस्थिती क्वचित मिळते. भाषाभ्यासकास त्यातील एक तपशील चुकविता येणार नाही. जुन्या कायद्याचे नाव 'लाडेनश्लुस', म्हणजे दुकान-बंदी, ह्या शब्दावर बेतलेले होते. बर्लिनसह अनेक राज्यांनी नव्या कायद्यास 'लाडेनऑफ्नुंग', म्हणजे दुकान-उघडणी, असे नाव दिले. रविवारची बंदी आतमध्ये बहुतांशी तशीच होती. बर्लिनने ख्रिसमसपूर्वीचे चारही ॲडव्हेंट रविवार सरसकट मोकळे केले, तेव्हा संघीय घटना-न्यायालयाने १ डिसेंबर २००९ च्या निकालाने ती तरतूद घटनेशी विसंगत ठरविली. नाव बदलले; घटनेने रविवारास दिलेले संरक्षण बदलले नाही.

ह्या जर्मन बदलांचा रोजगारावर काय परिणाम झाला? मारियो बॉसलर आणि मिखाएल ओबरफिश्टनर ह्यांच्या अभ्यासास किंचित वाढ आढळली, आणि ती मुख्यत्वे अर्धवेळ कामाची. शार्लोट्टे सेन्फ्टलेबेन-क्यॉनिग ह्यांच्या अभ्यासास घट आढळली, आणि ती मुख्यत्वे लहान दुकानांतील. एकाच बदलाविषयी दोन उलट निष्कर्ष आले म्हणजे एक अभ्यास चुकलाच असला पाहिजे, असा समज होतो. प्रत्यक्षात दोघांचे 'रोजगार' निराळे आहेत. पहिला अभ्यास खाद्यपदार्थांच्या दुकानांपुरता आहे, दुसरा किरकोळ व्यापाराचा व्यापक विचार करतो. शिवाय एका पूर्णवेळ विक्रेतीच्या जागी दोन अर्धवेळ विक्रेत्या आल्या, तर डोकी मोजणाऱ्यास रोजगार दुप्पट झालेला दिसेल आणि तास मोजणाऱ्यास तो आहे तेवढाच दिसेल. त्या विक्रेत्यांपैकी पहिलीस तो निम्मा झालेला दिसेल. तिन्ही विधाने खरी आहेत. कोणते विधान 'रोजगाराविषयीचे' म्हणून अहवालात जाते, हा आकडेशास्त्राचा प्रश्न नव्हे.

इंग्लंडचा कायदा मालक मोजीत नाही, ही उणीव मानली, तर मालक मोजणारा कायदा अधिक यशस्वी व्हावयास हवा. दक्षिण कोरियाचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे २०१२ मध्ये वितरण-उद्योगविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन स्थानिक शासनांना मोठ्या विक्रीगृहांची रात्रीची विक्री बंद ठेवण्याचा आणि महिन्यातून काही दिवस सक्तीची सुट्टी देण्याचा अधिकार मिळाला. बहुतेक ठिकाणी महिन्याचे दोन रविवार ठरले. परंपरागत बाजारपेठांचे रक्षण हा उघड उद्देश होता. महत्त्वाचे असे की, मोठ्या उद्योगसमूहांनी चालविलेल्या छोट्या सुपरमार्केटांनाही ह्या कायद्याने आपल्या कक्षेत घेतले. आकाराची पळवाट त्याने आरंभीच बुजविली. पळवाट निघाली ती दुसरीकडून. ज्या व्यापाऱ्यास दुकानच नाही, फक्त गोदाम आणि गाड्या आहेत, तो 'दुकान' ह्या नामातच बसत नव्हता. रात्री मागविलेला माल पहाटे दारात ठेवणाऱ्या कंपन्या ह्या काळात फोफावल्या, आणि विक्रीगृहांना मात्र बंदीच्या तासांत आपल्या दुकानातून तशी पोच करता येत नव्हती. बंद रविवारची गिऱ्हाइकी जुन्या बाजाराकडे वळावी अशी अपेक्षा होती; तिचा किती भाग तिकडे गेला आणि किती पडद्यावरच्या दुकानाकडे गेला, हाच मग तेथील वादाचा विषय झाला. २०२३ मध्ये देगू महानगराने सक्तीची सुट्टी रविवारवरून सोमवारी नेली. विशेषणाची दुरुस्ती केली तरी नाम जुने पडते, एवढे ह्या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडील कायद्याचा वंश ब्रिटिशच. १९३९ चा आणि त्यानंतर १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था कायदा ह्यांनी उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी ठरविली, परंतु त्यांचा भर नोकराच्या श्रमावर होता, गिऱ्हाइकीच्या वाटणीवर नव्हे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वर्षभर सर्व दिवस दुकान चालविण्यास मुभा दिली, नोकराची साप्ताहिक रजा कायम ठेवली, आणि मूळ रूपात दहा कामगारांची रेघ ओढली. म्हणजे येथे 'मोठे' हे माणसांवरून ठरले, फरशीवरून नव्हे. पुण्यातील दुपारी मिटलेल्या फळ्या ह्या कोणत्याच कायद्यात बसत नाहीत. तो केवळ दुकानदाराच्या वामकुक्षीचा अधिकार होय. आणि मराठी दुकानदार रात्री दुकान 'बंद' करीतच नाही, तो ते 'वाढवितो', ही गोष्ट इंग्रजी विधिकारांस समजावून सांगणे अवघड गेले असते.

ह्या सर्व चर्चेत ज्या घटनेकडे अर्थशास्त्रीय लेखनाने सर्वांत कमी लक्ष दिले ती स्कॉटलंडची आहे. १९५० च्या कायद्यातील रविवारची सामान्य बंदी स्कॉटलंडला लागू नव्हती आणि १९९४ चा सहा तासांचा नियमही नाही. ज्या देशात रविवार पाळण्याची धार्मिक शिस्त इंग्लंडपेक्षा कडक, तेथे कायदा नव्हता. लोकाचार पुरेसा होता म्हणून कायद्याची गरज भासली नाही. लोकाचार ओसरला तेव्हा दुकाने विनासायास उघडली. वरवर पाहता निर्बंधाचे परिणाम मोजण्यास इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांची तुलना आदर्श ठरावी : एकच चलन, बहुतांशी तेच कर, बहुतांशी त्याच कंपन्या, फक्त कायदा भिन्न. अनेकांनी ती तशी सुचविलीही आहे.

परंतु २०१६ च्या घटनांनी ह्या तुलनेतील खोट उघडी केली. जॉर्ज ऑस्बोर्न ह्यांनी २०१५ च्या जुलैतील अर्थसंकल्पात जाहीर केल्यानुसार इंग्लंड व वेल्समधील रविवारच्या वेळा ठरविण्याचा अधिकार स्थानिक शासनांना देण्याची तरतूद सरकारने मांडली. ९ मार्च २०१६ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ती ३१७ विरुद्ध २८६ मतांनी फेटाळली. सत्ताधारी पक्षातील वीसहून अधिक सभासद विरुद्ध गेले. पण पारडे फिरले ते स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या मतांनी. ज्यांच्या देशात हा निर्बंध नाहीच, त्यांनी दुसऱ्याच्या देशातील निर्बंध टिकविण्यासाठी मते दिली, म्हणून त्यांच्या दुटप्पीपणावर बरीच टीका झाली. त्यांनी दिलेले कारण मात्र निव्वळ आर्थिक होते, आणि ते लक्षपूर्वक ऐकले गेले नाही. मोठ्या कंपन्या पगाराच्या अटी सबंध ब्रिटनसाठी एकत्र ठरवितात. इंग्लंडमध्ये रविवार हा सहा तासांचा, वेगळा दिवस आहे, म्हणून रविवारच्या कामास जादा दर देणे कंपन्यांना परवडते; आणि तो दर स्कॉटलंडमधील नोकरासही मिळतो. इंग्लंडमधील रविवार इतर दिवसांसारखा झाला, तर जादा दराचे कारण संपते, आणि ग्लासगोमधील विक्रेतीच्या पगारास कात्री लागते.

हे म्हणणे ग्राह्य धरले, तर स्कॉटलंड हा 'निर्बंध नसलेला' प्रदेश राहत नाही. सीमेपलीकडील निर्बंधाचा परिणाम तेथील वेतनात अगोदरच मुरलेला असतो, आणि ज्यास अभ्यासक तुलनेची कोरी बाजू समजतात ती कोरी नसते. मतदानाच्या दिवशी ही बाब वेतनपत्रिका हाती असलेल्या कामगार-संघटनांस ठाऊक होती. त्यानंतरच्या आर्थिक लेखनात इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांचे रकाने तरीही शेजारी शेजारी मांडले जातात, आणि दुसऱ्या रकान्याचे शीर्षक असते : 'निर्बंध नाही'.